खसखस पिकली

लेकीच्या शाळेत पालकसभेला मी नेहमी शेवटच्या बाकावर बसतो. तिथून बाई काय बोलतात ते धड ऐकू येत नाही आणि घरी आल्यावर ‘चांगलं चाललंय तिचं’ एवढं सांगून मोकळं होता येतं. पण दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या सभेला मी दारातून आत पाऊल टाकतो न टाकतो, तोच बाईंनी मला पाहिलं, घाईघाईने मान खाली घालून हजेरीपटात काहीतरी शोधायला घेतलं, आणि त्यांचे खांदे गदगदा हलायला लागले. मला वाटलं, ठसका लागला. मी पाण्याची बाटली पुढे केली.

“नको, नको,” डोळे टिपत त्या म्हणाल्या, “तुम्हीच ना ते सिंगापूरचे? तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा हं.”

मग उलगडा झाला. सुट्टीच्या अभ्यासात ‘माझी अविस्मरणीय सहल’ असा निबंध होता आणि आमच्या कन्यारत्नाने तो वर्गात उभं राहून वाचून दाखवला होता. “काय सांगू तुम्हाला,” बाई म्हणाल्या, “दुसऱ्या परिच्छेदापासूनच वर्गात अशी खसखस पिकली!”

बाई, बाकी काही म्हणा. तो शब्द तेवढा माझ्यासमोर नको.

निबंध मी नंतर चोरून वाचला. त्यात खोटं असं काही नाही. उलट दोन-तीन गोष्टी पोरीने बापाची कीव येऊन गाळल्या आहेत. त्यासकट सगळं एकदा आपणच सांगून टाकलेलं बरं, म्हणून हा खटाटोप.

त्याचं असं झालं, की पुढच्या वर्षी दहावी. दहावी म्हणजे घरात टीव्हीवर चादर, पाहुण्यांना बंदी आणि लग्नकार्यांना फक्त मी एकट्याने जाऊन अक्षता टाकून येणं. तेव्हा जे काय हिंडायचं ते नववीच्या दिवाळीत, असं घरात ठरलं. आजवर आमची धाव गणपतीपुळ्यापर्यंत, आणि अगदीच उधळायचं मनात आलं तर माथेरान. या खेपेला बायको म्हणाली, “सिंगापूरला जाऊ. टूरवाल्यांबरोबर जाऊ, म्हणजे तुम्हाला काही करावं लागणार नाही.” या वाक्याचा उत्तरार्ध मला झोंबला. मी बँकेत सव्वीस वर्षं नोकरी केलेला माणूस. मी म्हटलं, टूरवाले कशाला, मी आहे ना!

मी एक दोनशेपानी वही घातली. तिला घरात ‘दंडवही’ असं नाव पडलं, कारण सिंगापुरात काय बघायचं याला तिच्यात दीड पान होतं आणि काय केलं तर काय दंड होतो याला उरलेली वही. च्युइंगगमवर तिथे १९९२ पासून बंदी. मेट्रोत, म्हणजे त्यांच्या एमआरटीत, खाल्लं-प्यायलं तर ५०० डॉलरपर्यंत दंड. मेट्रोत ड्युरियन नावाचं फळ न्यायचं नाही. ते फणसाच्या दूरच्या चुलत्यासारखं दिसतं आणि त्याचा वास निघाला की डबा रिकामा होतो. सार्वजनिक संडासात पाणी टाकलं नाही तरी दंड. तिथले लोक आपल्या शहराला गमतीने ‘फाइन सिटी’ म्हणतात, त्यात कौतुकही आलं आणि वसुलीही. एका सिंगापुरी डॉलरचे तेव्हा आपले साठ-पासष्ट रुपये होत. मी रोज रात्री प्रत्येक दंडाला बासष्टने गुणायचो आणि मग झोप यायची नाही.

वहीत मनाई असलेल्या वस्तूंचंही पान होतं. त्यात ‘पॉपी सीड्स’ असं होतं. त्याच्यापुढे मी लाल शाईने लिहिलं होतं: ‘अफूचं बी. आपणांस लागू नाही.’ खाली सही आणि तारीख. बँकेची सवय.

निघायच्या आदल्या रात्री मी सगळ्यांच्या सामानाची झडती घेतली. लेकीच्या सॅकमधून च्युइंगगमची अर्धी पट्टी जप्त केली आणि तिला कायदा या विषयावर वीस मिनिटं सुनावलं. मग बॅगा स्प्रिंगच्या काट्याला लटकवल्या, तर मोठी बॅग तीन किलोने जास्त. मी म्हटलं, “तीन किलो उतरवा. काय उतरवायचं ते मला विचारू नका.” आणि झोपायला गेलो.

कोणी विचारलं नाही.

आता आईच्या अनारशांबद्दल चार शब्द सांगायलाच हवेत. तीन दिवस भिजवलेले तांदूळ, रोज पाणी बदलून. मग निथळून, कुटून, चाळून गूळ घालून मुरवलेलं पीठ. आणि केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर बोटांनी थापलेला अनारसा. तो तुपात खसखशीची बाजू वर ठेवूनच सोडायचा, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवत राहायचं. पीठ बिघडलं तर अनारसा तुपात फसकन पसरतो, त्याला आमच्याकडे ‘अनारसा हसला’ म्हणतात. आईचा अनारसा आजतागायत हसलेला नाही. तिच्या मुलाबद्दल तिला असं म्हणता येत नाही. यंदा चार डझन झाले होते, आणि ते ठेवायचा निळा पत्र्याचा बिस्किटांचा डबा, वर चिकटपट्टीवर आईच्या अक्षरात ‘अनारसे’, मोठ्या बॅगेत जाताना मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता.

रात्रीचं विमान, साडेपाच तासांचा प्रवास. चांगी विमानतळावर सामानाच्या पट्ट्यापाशी उभे असताना लेक म्हणाली, “बाबा, तुझी वही दे ना, वेळ जात नाहीये.” मला भरून आलं. इतक्या दिवसांत कुणी वही मागितली असं घडलं नव्हतं. ती पानं उलटत गेली आणि एका जागी थांबली.

“बाबा, पॉपी सीड्स म्हणजे खसखस.”

“छे! खसखस म्हणजे खसखस.”

“अहो,” बायको म्हणाली, “खसखस अफूच्याच बोंडातली असते. आमची आजी पोरं झोपावीत म्हणून खसखशीची खीर नाही का द्यायची?”

ज्या देशात अमली पदार्थांच्या व्यापाराला फाशी आहे, त्या देशात मी चार डझन अनारसे घेऊन उभा होतो. प्रत्येकाच्या एका अख्ख्या अंगाला खसखस. व्यक्तिगत वापरासाठी आणलेत म्हणावं, तर चार डझन? आणि वहीत लाल शाईत ‘अफूचं बी’ असं लिहून खाली सही! म्हणजे अजाणतेपणी झालं असंही म्हणायची सोय मी ठेवली नव्हती.

“अरे, मी काय म्हणते—” आई म्हणाली.

“आई, तू गप्प बस.”

“अरे, पण तो डबा—”

“आई! इथे एक शब्द बोलायचा नाही. डबा तर म्हणूच नकोस.”

माझ्या आईची एक खोड आहे. गप्प बस म्हटलं की ती खरंच गप्प बसते. ट्रॉलीच्या दांड्यावर हात ठेवून, लग्नात मानपान न झालेल्या आत्यासारखा चेहरा करून ती उभी राहिली.

मी लाल फाटकाकडे, म्हणजे ज्यांना काही सांगायचंय त्यांच्या वाटेकडे, ट्रॉली वळवली. मागून बायको काहीतरी म्हणत होती, पण गुन्हा कबूल करायचा तर पुरुषासारखा करावा, असं माझ्या मनाने घेतलं होतं. समोर तरुण अधिकारी होता, नीट भांग पाडलेला, हसतमुख. रस्ताभर मनात घोळवलेलं इंग्रजी त्याला पाहताच पळालं आणि उरलं ते एवढंच:

“सर, आय हॅव ड्रग्ज.”

त्याचं हसू जागच्या जागी राहिलं, डोळ्यांतलं तेवढं गेलं. मला वाटलं, खुलासा करावा.

“माय मदर मेड,” मी आईकडे बोट दाखवून म्हटलं. “अॅट होम. एव्हरी इयर.”

आईला त्यातलं ‘मदर’ तेवढं कळलं. तिने हात जोडून नमस्कार केला.

बॅग टेबलावर गेली. हातमोजे आले. निळा डबा निघाला. अधिकाऱ्याने झाकण उघडलं, आत कापडाचं बोचकं. त्याने ते दोन बोटांनी उचललं, आणि मी ओळखलं. ती माझी जुनी बनियन होती. पाठीवर तीन भोकं असलेली, जी फेकायची म्हणून मी गणपतीपासून सांगत होतो. परक्या मुलखात, अनोळखी माणसांसमोर, पांढऱ्या दिव्याखाली ती एकेक घडी उलगडत गेली, आणि तिच्यातून रांगता पितळी बाळकृष्ण बाहेर आला. मागोमाग कापसाच्या वाती, कुंकवाचा करंडा आणि निरांजन.

“हळू रे बाळा,” आईला राहवलं नाही, “पडतील ते.” अधिकाऱ्याला मराठी येत असण्याचं कारण नाही, पण त्याने बाळकृष्ण दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग माझ्याकडे वळून अत्यंत सभ्यपणे विचारलं, “सर, विच वन इज द ड्रग?”

मी बनियनकडे बघत राहिलो.

पाच मिनिटांनी आम्ही बाहेर आलो. त्याने आईला वाकून ‘वेलकम टू सिंगापूर’ म्हटलं. मला म्हटलं नाही. बाहेर येऊन मी घाम पुसला, तेव्हा आई म्हणाली, “आता बोलू?”

“बोल.”

“तीन किलो उतरवा म्हणालास ना? अनारसे ओट्यावर काढून ठेवले, स्टीलच्या डब्यात. रिकाम्या डब्यात देव घेतले.”

खरं तर चूक माझीच. माझा जन्म त्या घरातला. आमच्याकडे ‘साखर’ लिहिलेल्या डब्यात साबुदाणा असतो, ‘चहा’ लिहिलेल्यात मोहरी, आणि ‘मोहरी’ लिहिलेल्यात लाइटबिलं. डब्यावरचं वाचून विश्वास ठेवणारा आमच्या सात पिढ्यांत मी पहिला.

यानंतरचे सहा दिवस घरच्यांनी माझ्याशी आजारी माणसाशी वागावं तसं वागायला सुरुवात केली. दुसऱ्या दिवशी मी ते सार्थ ठरवलं. सिंगापूरचं घड्याळ आपल्यापुढे अडीच तास. पहाटे जाग आली, मोबाइलमध्ये पाहिलं तर पाच. मी त्यात अडीच मिळवले आणि साडेसात झाले म्हणून आरडाओरडा करून सगळ्यांना उठवलं, आंघोळी घालायला लावल्या आणि न्याहारीच्या दालनापाशी नेऊन उभं केलं. दाराला कुलूप. बाहेर मिट्ट काळोख. “बाबा, साडेसातला अंधार कसा?” मी सांगितलं, “विषुववृत्ताजवळ आलोय आपण. इथे सूर्य उशिरा उगवतो.” मोबाइल विमानतळावरच आपणहून पुढे गेला होता, हे मला माहीत नव्हतं, लेकीला माहीत होतं, पण आजीने तिला डोळ्यांनी दटावलं म्हणून ती बोलली नाही. पहाटे सहाला फरशी पुसायला आलेल्या मावशींनी आम्हा चौघांना पावडर-बिवडर लावून रांगेत उभं पाहिलं आणि बादली खाली ठेवून खुर्च्या आणून दिल्या. एक मात्र सांगतो, तिथे सूर्य खरंच सातच्या सुमाराला उगवतो, बाराही महिने. फक्त त्याचं कारण मी सांगितलं ते नाही. त्यांनी १९८२ सालापासून आपली घड्याळंच मुद्दाम पुढे करून ठेवली आहेत. हे मला भूगोलाच्या पुस्तकासकट नंतर समजावण्यात आलं.

आमचं हॉटेल लिटल इंडियाला लागून, फेरर पार्क स्टेशनाजवळ. तिथून सेंटोसा बेटाकडे जायला हार्बरफ्रंटपर्यंत सरळ गाडी. संबंध मार्ग जमिनीखालून, आणि गाडीला मोटरमन नाही. मी पहिल्या डब्यात पुढच्या काचेला नाक लावून मोटरमन शोधत असताना मला आठवलं, की जेवण झाल्यावर मी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकली आहे आणि ती अजून तिथेच आहे. समोर पाटी. गाडीत खाऊ नये, ५०० डॉलर. गुणिले बासष्ट, एकतीस हजार! गिळावी तर ते खाणं झालं, थुंकावी तर त्याचा दंड वहीच्या वेगळ्या पानावर. मी बडीशेप गालात धरली आणि ओठ मिटले. लिटल इंडिया, धोबी घाट (हो, स्टेशनचं नाव चक्क धोबी घाटच आहे, आणि ही गंमत आईला सांगायला माझी जीभ शिवशिवत होती), क्लार्क की, चायनाटाउन, औटरम पार्क. शेजारच्या तमिळ आजोबांनी मोडक्या हिंदीत तीनदा विचारलं, मुंबईहून का? मी तीनदा ‘हूं’ केलं. शेवटी ते आईला म्हणाले, “दात दुखतो का मुलाचा?” आई अस्खलित मराठीत म्हणाली, “नाही हो, लहानपणापासून असाच आहे.” दोघं हार्बरफ्रंटपर्यंत गप्पा मारत आले, ती मराठीत, ते तमिळ-हिंदीत. मी सूर्य गिळलेल्या मारुतीसारखा गाल फुगवून दांड्याला लटकलेलो.

पण खरा कळस झाला तो टेक्का सेंटरमध्ये. तिथे त्यांचं हॉकर सेंटर आहे: एका छपराखाली खाण्याच्या टपऱ्या, मधे टेबलं, जो-तो आपापलं ताट आणून बसणार. या हॉकर संस्कृतीला युनेस्कोने २०२० साली वारशाच्या यादीत घेतलंय. भर दुपारची गर्दी. आणि त्या गर्दीत एक सबंध टेबल रिकामं, वर कागदी रुमालांचं एक नवं कोरं पाकीट. मी गहिवरलो. काय हे सरकार! टेबलागणिक रुमाल! मी सगळ्यांना बसवलं, दोन रुमालांनी टेबल पुसलं, आणखी दोनांनी खुर्च्या, एकाने आईचा चष्मा, आणि तिखटाच्या वासाने नाक गळत होतं ते उरलेल्यांनी. पाकीट संपलं तेव्हा वर पाहिलं, तर चार माणसं चार ताटं घेऊन उभी.

“अंकल,” त्यातला एक म्हणाला, “दिस टेबल वी चोप ऑलरेडी.”

चोप! मी खुर्ची उलटी पाडून दोन पावलं मागे सरलो. एका टेबलासाठी मारहाण? या देशात? दंड तरी घ्या म्हणावं! लेक पोट धरून खाली बसली होती. मग कळलं, की जागा धरायला तिथे ‘चोप’ म्हणतात आणि ती धरायची रीत म्हणजे टेबलावर रुमालांचं पाकीट ठेवून खाणं आणायला जायचं. आणि हे मला कळू नये? मी, ज्याने कॉलेजची चार वर्षं एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. ज्याचे असे अकरा रुमाल आजही परिवहन महामंडळाच्या गाड्यांतून महाराष्ट्रभर फिरत असतील! मी त्या लोकांचे सगळे रुमाल नाकाला पुसून संपवले होते. वापरलेले परत करावेत का, हा विचार क्षणभर माझ्या मनात येऊन गेला.

त्याच सेंटरमध्ये बायकोचा या देशावर जीव जडला. जेवून झाल्यावर मी सवयीने हात झटकून उठलो, तेव्हा तिने भिंतीवरच्या सूचनेकडे बोट दाखवलं. आपलं ताट आपण उचलून ठेवायचं. २०२१ पासून त्याची सक्तीने अंमलबजावणी. पहिल्यांदा लेखी ताकीद, दुसऱ्यांदा ३०० डॉलर. “वहीत नव्हतं का हे?” तिने विचारलं. होतं. पण ते पान मी घरी कुणाला वाचून दाखवलं नव्हतं. मी ताट उचललं. मग आईचं, मग लेकीचं. लग्नानंतर इतक्या वर्षांत जे तिला जमलं नाही ते परक्या सरकारने एका दुपारी करून दाखवलं, आणि तिने त्याचा व्हिडिओ काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. एकोणीस बदाम आले.

बाकी मर्लायनपाशी काय झालं ते थोडक्यात. तो सिंहाच्या तोंडाचा, माशाच्या शेपटीचा पुतळा तोंडातून पाणी सोडत असतो आणि लांब उभं राहून आ वासला की ती धार आपल्या तोंडात पडतेय असा फोटो निघतो. माझा फोटो निघाला तो पाणी कानात जातानाचा. आईने मात्र तळवा पुढे करून तीर्थ घ्यावं तसं केलं, मग तोच हात डोक्यावरून फिरवला. तिचा फोटो आता दिवाणखान्यात आहे.

तिथून जवळच पाडांगचं मैदान. या ठिकाणी मला गांभीर्याने बोलायचं होतं, कारण लेकीच्या इतिहासाचा प्रश्न होता आणि माझ्याही. नेताजींनी १९४३ च्या जुलैत इथेच आझाद हिंद सेनेसमोर ‘चलो दिल्ली’ची हाक दिली. सेनेच्या हुतात्म्यांचं स्मारक मैदानालगत १९४५ मध्ये उभं राहिलं, ते ब्रिटिशांनी परतल्यावर पाडलं. आता त्या जागी १९९५ सालची एक खूणशिला आहे. पोरीने शांतपणे ऐकलं, वहीत टिपलं, शिलेपाशी दोघं जरा वेळ उभे राहिलो. मला वाटलं, निदान एक गोष्ट तरी नीट पार पडली. मग मी हात लांब करून म्हणालो, “आणि तिकडे दिल्ली!” तिने मोबाइलचं होकायंत्र पाहिलं. “बाबा, तिकडे ऑस्ट्रेलिया आहे.”

सातव्या दिवशी मध्यरात्री डोंबिवलीला पोचलो. दार उघडलं आणि बॅगा हॉलमध्ये टाकून आई तडक देवघराकडे, बाळकृष्ण जागेवर ठेवायला. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, दिवा लावला. ओट्यावर स्टीलचा डबा. झाकण जेमतेम टेकलेलं, कारण जाताना घाई झालेली. आणि त्या फटीतून निघून, ओट्याच्या कडेने, फरशीच्या सांध्यातून, खिडकीच्या चौकटीवरून बाहेर अंधारात गेलेली मुंग्यांची एक रांग. वाकून पाहिलं. प्रत्येक मुंगीच्या तोंडात खसखशीचा एकेक दाणा. भरलेल्या सगळ्या डाव्या बाजूने जात होत्या, रिकाम्या परत येत होत्या, कुणी कुणाला ढकलत नव्हतं.

अमली पदार्थांची एवढी शिस्तीत चाललेली वाहतूक मी जन्मात पाहिली नव्हती.

“अरे, मी काय म्हणते—” मागून आई म्हणाली.

मी गप्प बसलो.